पुरातली होडी आणि पुरातले घर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खटाव तालुक्यातून येणारी येरळा नदी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. ब्रह्मनाळ पलूस तालुक्यातले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती.

गैरसमज : गावात पाऊस नाही, म्हणजे पूर येणार नाही.
वस्तुस्थिती : कृष्णाकाठचा पूर महाबळेश्वर-कोयना भागातला पाऊस आणि धरणांतला विसर्ग यांवर ठरतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. कृष्णा फुगली की तिला मिळणाऱ्या ओढ्या-नद्यांचे पाणीही तुंबून मागे सरकते.

गैरसमज : होडीत आणखी दोघे बसले तर बिघडत नाही.
वस्तुस्थिती : वजन वाढले की होडीचा काठ पाण्याजवळ येतो आणि लहानशा लाटेनेही पाणी आत शिरते. कोणी उभे राहिले किंवा सगळे एका बाजूला झुकले, तर तोल जातो. ठरलेलीच माणसे घ्यावीत, त्यांनी तळाशी बसावे, सामान घरीच सोडावे. जास्त माणसे असतील तर जास्त फेऱ्या कराव्यात.

गैरसमज : पोहता येणाऱ्याला लाइफ जॅकेट लागत नाही.
वस्तुस्थिती : पुराच्या पाण्याखाली तारा, कुंपणे, बाभळी आणि उसाचे फड दडलेले असतात. त्यात अडकलेल्या किंवा मार लागलेल्या माणसाचे पोहणे कामी येत नाही. जॅकेट होडीत ठेवून उपयोग नाही. चढण्यापूर्वीच ते अंगात घालून पट्टे आवळावे लागतात.

गैरसमज : पाणी उंबऱ्याला लागले की घर सोडू.
वस्तुस्थिती : तोवर रस्ता बुडालेला असतो आणि होडीवाचून मार्ग उरत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा सुमारे चौपट होतो; गुडघाभर वाहते पाणीही माणसाला पाडू शकते. इशारा मिळताच वृद्ध, मुले आणि जनावरे आधी हलवावीत. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोबत घ्यावीत, धान्य माळ्यावर चढवावे, गॅस सिलिंडर बंद करून बांधून ठेवावा. विजेचा मेन स्विच आणि शेतपंपाची मोटार कोरड्या हातांनी, पाणी शिरण्याआधीच बंद करावी.

गैरसमज : पाणी ओसरले की घर राहण्याजोगे झाले.
वस्तुस्थिती : मातीच्या भिंती भिजून कमजोर होतात आणि पाणी उतरल्यावरही ढासळू शकतात. आत जाण्यापूर्वी भेगा आणि कललेल्या भिंती बाहेरूनच पाहाव्यात. अडगळीत साप, विंचू असू शकतात. वायरिंग जाणकाराने तपासेपर्यंत वीज सुरू करू नये. विहीर-बोअरचे पाणी तपासून, शुद्ध करूनच प्यावे. भिजलेले अन्न टाकून द्यावे. नुकसानीचे फोटो साफसफाईआधी काढल्यास पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात.