सैनिकाचे ऋण आणि विद्येचे दार

लढून आलेल्या सैनिकाचे ऋण राष्ट्राने कसे फेडावे? पहिल्या महायुद्धातील अमेरिकन सैनिक १९३२ साली आपला बोनस मागण्यास वॉशिंग्टनला गेले, तेव्हा त्यांना लष्कराकरवी हुसकावण्यात आले. तो प्रसंग पुन्हा ओढवू नये म्हणून २२ जून १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी ‘जी. आय. बिला’वर सही केली. सरकारने वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी भरावी आणि अविवाहित विद्यार्थ्यास दरमहा ५० डॉलर निर्वाहवेतन द्यावे, अशी त्यात तरतूद होती. सुमारे २२ लाख सैनिक महाविद्यालयांत शिकले. परंतु दक्षिणेत गोऱ्यांच्या महाविद्यालयांत कृष्णवर्णीय सैनिकांना मज्जाव होता. त्यांच्यासाठी असलेली थोडी महाविद्यालये भरून गेली व अनेकांना परत फिरावे लागले. फीची सोय सरकारने केली. दार मात्र समाजाने बंदच ठेवले.