दुकानातला पांढरा लाइट आणि तुमची झोप

दुकानात लाइट लावताना आपण एकच बघतो, माल चकचकीत दिसला पाहिजे. म्हणून ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी. मीही तेच केलं होतं. पण गिऱ्हाईक दहा मिनिटं थांबतं, तुम्ही रात्री दहापर्यंत त्याच उजेडात बसता!

या लाइटमध्ये निळा प्रकाश जास्त. साधारण ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश डोळ्यातल्या काही खास पेशी टिपतात आणि मेंदूला कळवतात, अजून दिवस आहे. मग मेलाटोनिन उशिरा तयार होतं. शटर ओढून घरी गेलात तरी झोप लागत नाही. सकाळी मात्र हाच प्रकाश तरतरी आणतो.

म्हणून गल्ल्यावरचा दिवा वेगळ्या बटणावर घ्या. तिथे ३००० केल्विनचा वॉर्म व्हाइट लावा (आकडा खोक्यावर असतो). सातनंतर तुमच्या डोक्यावर तोच. मालावरचे पांढरे राहू द्या. पिवळ्या उजेडात कपड्याचा रंग फसवतो आणि गिऱ्हाईक भांडायला परत येतं.

आणि हो, काचेतून ऊन येतं म्हणून ड जीवनसत्त्व मिळतंय असं समजू नका. त्यासाठी लागणारे यूव्ही-बी किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा थोडा वेळ बाहेर उन्हात उभे राहा.