सायंकाळी सातचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे, प्रामुख्याने ऊसशेतीवर उपजीविका करणारे गाव. ऑगस्ट २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या सुमारास या गावाने एक ठराव केला. दररोज सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरील भोंगा वाजेल आणि साडेआठ वाजता तो पुन्हा वाजेपर्यंत घराघरांतील दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद राहतील, असा तो ठराव होता. साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळे लावणाऱ्या या परिसराला भोंग्याचा आवाज काही नवा नव्हता. मात्र यंत्रे सुरू करण्यासाठी नव्हे, तर ती बंद करण्यासाठी वाजणारा भोंगा हा सर्वांनाच नवा होता.

करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या आणि शिक्षण मोबाईलवर आले. ज्या घरांतून मुलांच्या हाती फोन देण्यास विरोध होता, तेथेही तो अभ्यासासाठी म्हणून द्यावा लागला. पुढे शाळा उघडल्या, परंतु फोन काही हातातून सुटला नाही. शाळेतून परतलेली मुले फोनमध्ये किंवा दूरचित्रवाणीसमोर गुंतून राहतात, ही तक्रार सरपंच विजय मोहिते यांनी ग्रामस्थांसमोर मांडली. हा विषय प्रथम महिलांच्या सभेत चर्चिला गेला, हे विशेष होय. मालिकांमध्ये आपलाही वेळ जातो, अशी कबुली महिलांनी त्या सभेत दिली. पुरुष मंडळींनी ही कल्पना आरंभी हसण्यावारी नेली. तथापि पुढे तीच ग्रामसभेत संमत झाली. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची जी तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे, ती अनेक ठिकाणी केवळ नोंदवहीपुरती उरली आहे. वडगावच्या महिलांच्या सभेतून मात्र साऱ्या गावाचा निर्णय आकारास आला.

हा उपक्रम वृत्तपत्रांतून गाजला तो बहुधा एक कौतुकाची बाब म्हणून. वस्तुतः मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो ज्या दृष्टीने पाहावा, ती दृष्टी निराळी आहे. मोबाईलचा अतिरेक हा प्रत्येकाच्या मनोनिग्रहाचा प्रश्न आहे, असे आपण समजतो. ‘मन खंबीर असेल तर फोन बाजूला ठेवता येतो’ असे मुलांना सांगतो. वडगावने हे गृहीत धरले नाही. एकट्याने जे साधत नाही ते सर्वांनी एकाच वेळी केल्यास साधते, हे या भोंग्यामागील खरे तत्त्व होय.

एकट्याला ते का साधत नाही, याचे एक उत्तर फोनमध्ये पडद्याआड चालणाऱ्या योजनेत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग महाविद्यालयीन अभ्यासक्रमात शिकविले जातात. कळीवर चोच मारताच दाणा मिळतो, असे ठरलेले असल्यास कबुतर पोट भरले की थांबते. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल, तर मात्र ते पुन्हा पुन्हा चोच मारीत राहते आणि दाणे बंद झाले तरी बराच काळ ती सवय सोडीत नाही. आकड्याच्या नादी लागलेला माणूस ज्या कारणाने हरूनही पुन्हा आकडा लावतो, ते कारण हेच. फोनवर काय आले असेल ते उघडल्याखेरीज कळत नाही. दहा वेळा निरर्थक मजकूर निघतो, तर अकराव्या वेळी आपल्या छायाचित्राचे कोणी कौतुक केलेले असते. एखाद्याच्या मजकुरास पसंती दर्शविणारी खूण फेसबुकने २००९ साली सुरू केली, तेव्हापासून हा अनिश्चित दाणा कोट्यवधी लोकांच्या खिशात जाऊन बसला आहे.

दुसरी गोष्ट थांब्याची. वर्तमानपत्राचे शेवटचे पान संपते, पुस्तकाचे प्रकरण संपते. एके काळी आकाशवाणीची सभाही संपत असे. या प्रत्येक ठिकाणी माणूस क्षणभर थांबतो आणि पुढे काय करावयाचे ते ठरवितो. पडदा वर सरकवीत गेले की मजकूर अखंड येत राहावा, अशी रचना २००६ साली एझा रास्किन या तंत्रज्ञाने तयार केली. आपल्या या निर्मितीबद्दल पुढे त्यांनीच जाहीर खेद व्यक्त केला. त्या रचनेने थांबा नाहीसा केला आणि थांबण्याचा निर्णय घेण्याची वेळच येऊ दिली नाही. सातचा भोंगा हा तो हरवलेला थांबा परत आणून बसवितो.

यात कोणाचे हित आहे, हेही उघड सांगितले पाहिजे. ही सेवा बहुतांशी फुकट मिळते, कारण तेथे वापरणाऱ्याचे लक्ष जाहिरातदारांना विकले जाते. माहिती विपुल झाली की तिच्यामुळे खर्ची पडणाऱ्या अवधानाचा दुष्काळ पडतो, हा विचार अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच मांडला होता. पाण्याच्या दुष्काळाशी पिढ्यान् पिढ्या झगडणाऱ्या माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतील वाचकांस त्याचा अर्थ विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु एकट्याला फोन का सोडवत नाही, याचे अधिक मार्मिक उत्तर शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ लिओनार्दो बर्स्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०२३ सालच्या अभ्यासात मिळते. त्यांनी अमेरिकेतील हजारावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रश्न विचारला, की टिकटॉक हे माध्यम महिनाभर बंद ठेवण्यासाठी तुम्हाला किती मोबदला हवा? विद्यार्थ्यांनी सरासरी ५९ डॉलर मागितले. नंतर विचारले, की तुमच्यासह महाविद्यालयातील सर्वांचेच ते बंद होणार असेल तर? तेव्हा मोबदला मागणे तर दूरच, उलट सरासरी २८ डॉलर पदरचे देण्यास विद्यार्थी तयार झाले. याचा अर्थ असा, की ज्या गोष्टीवाचून आपले चालत नाही असे प्रत्येकास वाटते, ती मुळातच नसती तर बरे, असेही अनेकांना वाटत असते. इतर सारे तेथे आहेत म्हणून मीही तेथे आहे, असा हा सापळा आहे. ज्या मुलाचा फोन घरच्यांनी काढून घेतला, तो मित्रांच्या बोलण्यातून वगळला जातो आणि शिक्षा एकट्याच्याच वाट्याला आल्याची त्याची भावना होते. सायंकाळी सात ते साडेआठ या वेळेत वडगावातील कोणाचाच फोन सुरू नसेल, तर मागे पडण्याचे भय उरत नाही.

हा सापळा उघडावयाचा तर योग्य आकाराची संस्था हवी. कुटुंब त्यासाठी फार लहान पडते, तर देश फार मोठा. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास कायद्याने बंदी केली व ती डिसेंबर २०२५ पासून अमलात आली. तेवढा मोठा मार्ग सर्वांना खुला नसतो. गाव मात्र एकमेकांस ओळखते. १९४२ च्या लढ्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या गावांत, न्यायदानापासून दारूबंदीपर्यंतचे प्रश्न गावपातळीवर सोडविले होते. गावाने आपली शिस्त आपणच ठरविण्याची रीत या मातीत जुनी आहे.

अर्थात ठराव झाला म्हणजे काम झाले, असे नाही. वडगावातही आरंभी ग्रामपंचायतीचे कर्मचारी व कार्यकर्ते यांना घरोघर फिरून संच बंद करण्याची विनंती करावी लागली. दंडापेक्षा ही विनंती अधिक उपयोगी ठरते, असे मानण्यास जागा आहे; कारण मुलांस अभ्यासास बसवून वडील ओसरीवर फोन पाहत राहिले, तर मुलांच्या लेखी भोंग्याला काहीच किंमत उरणार नाही. फोन केवळ पालथा घालून जवळ ठेवणेही पुरेसे नसावे. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांच्या २०१७ सालच्या प्रयोगात, ज्यांचे मूक केलेले फोन मेजावर होते, त्यांची कामगिरी फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांपेक्षा कमी भरली. नंतरच्या सर्वच अभ्यासांतून हा निष्कर्ष तितक्या ठळकपणे निघालेला नाही. तरीही फोन फडताळात ठेवण्यास खर्च येत नाही.

दुसऱ्या बाजूचाही विचार अगत्याचा आहे. ‘असर’ या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात ७६ टक्क्यांनी तो समाजमाध्यमांसाठी, तर ५७ टक्क्यांनी शिक्षणाशी संबंधित कामासाठी वापरला होता. हा दुसरा आकडा लहान नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणास, किंवा तालुक्याच्या ठिकाणी शिकवणीला जाणे शक्य नसलेल्या मुलीस, फोन हीच अभ्यासिका आहे. त्यातही स्वतःच्या मालकीचा फोन असण्यात मुली मुलांपेक्षा मागे आहेत. बंदी घालण्याच्या उत्साहात सर्वांत आधी मुलींच्या हातचा फोन काढून घेतला गेला, तर तो सुधारणेचा विपर्यास ठरेल. दीड तासाची मर्यादा आणि सर्वांना सारखा नियम, या दोन गोष्टींमुळे वडगावचा ठराव या दोषापासून दूर राहिला.

शिक्षकांनी ‘व्यसन’ हा शब्दही जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत खेळाच्या आहारी जाण्याच्या विकृतीचा समावेश आहे. तथापि खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे ही लक्षणे सामान्यतः वर्षभर टिकल्याखेरीज तसे निदान केले जात नाही. फोन पाहणारा प्रत्येक मुलगा रुग्ण नव्हे. ज्याची झोप उडाली आहे, शाळा सुटली आहे आणि बोलणे बंद झाले आहे, त्याच्यासाठी केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहिलेला असावा.

मोकळ्या झालेल्या दीड तासाचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच. पाचगणीजवळच्या भिलार या सातारा जिल्ह्यातील गावाने त्याचे एक उत्तर आधीच शोधून ठेवले आहे. ४ मे २०१७ रोजी हे स्ट्रॉबेरीचे गाव ‘पुस्तकांचे गाव’ झाले. राज्य शासनाच्या मराठी भाषा विभागाच्या पुढाकाराने सुमारे पंधरा हजार पुस्तके २५ ठिकाणी, आणि तीही घरे, मंदिर व शाळा अशा नित्याच्या वावरातील जागी मांडण्यात आली. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातील अंकलखोप या गावाची निवड याच योजनेच्या विस्तारात झाली. वडगाव आणि अंकलखोप हे शेजारच्या तालुक्यांतील. एकाने वेळ मोकळा केला, दुसऱ्यात पुस्तके आली. भोंग्याचा ठराव करू पाहणाऱ्या ग्रामपंचायतीने त्याच बैठकीत वाचनालयाच्या दिव्याची आणि वेळेची तरतूद करावी. रिकामा बसलेला मुलगा साडेआठच्या भोंग्याकडे कान लावून बसेल, यात नवल नाही.

बारावीनंतर हीच मुले कराड, सातारा, सांगली, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) येथील वसतिगृहांत राहावयास जातात. तेथे भोंगा नसतो, हटकणारे शेजारी नसतात आणि फोन स्वतःचा असतो. आपण दिवसातून किती वेळा फोन उघडला आणि किती वेळ पाहिला, याची नोंद बहुतेक फोनमध्येच मिळते. मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना ही नोंद आठवडाभर वहीत उतरवून घेण्यास सांगावे. नंतरच्या आठवड्यात एकेकट्याने दीड तास फोन दूर ठेवून पाहावा आणि तिसऱ्या आठवड्यात खोलीतील सर्वांनी मिळून तसे करावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यांच्या आकड्यांत काय फरक पडतो, ते विद्यार्थ्यांनीच वर्गात मांडावे.