घोडबंदरचा किल्ला : डागडुजी की खाडाखोड?

अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता ज्या ठिकाणी वसईची खाडी ओलांडतो, त्याच्या जवळच दक्षिण तीरावरील टेकडीवर घोडबंदरचा किल्ला उभा आहे. आमच्या व्यापारी वाचकांपैकी कित्येकांचा माल या रस्त्याने रोज जातो-येतो. परंतु मान वर करून त्या तटाकडे पाहणारे किती निघतील, याची आम्हांस शंकाच आहे. या बंदरात अरबांशी घोड्यांचा व्यापार चाले व त्यावरूनच गावास हे नाव पडले, असे सांगतात. मीरा-भाईंदर महापालिकेने अलीकडे या किल्ल्याची डागडुजी हाती घेतली, ही गोष्ट अभिनंदनीय खरी. पण डागडुजी कशास म्हणावे, हा प्रश्न नागरिकांनी वेळीच विचारला पाहिजे. पुसलेली अक्षरे मागाहून वाचता येत नाहीत.

प्रथम एका आक्षेपाचा निकाल लावू. कोणी म्हणेल, 'हा किल्ला पोर्तुगीजांचा. परकीय सत्तेची खूण आपण का जपावी?' पोर्तुगीजांनी इ. स. १५५० च्या सुमारास याचे काम आरंभिले, हे खोटे नाही. पण १६७२ साली शिवछत्रपतींच्या फौजेने यावर चाल केली व त्या वेळी तो हाती आला नाही. त्यानंतर पासष्ट वर्षांनी, म्हणजे १७३७ साली, चिमाजी अप्पांच्या साष्टीच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. पुढे १७३९ च्या मे महिन्यात वसईही पडली. तेव्हा हा तट जितका बांधणाऱ्यांचा, तितकाच तो जिंकणाऱ्यांचाही आहे. नाशकास नारोशंकराच्या देवळावर पोर्तुगीजांवरील विजयाची घंटा आहे. तिच्यावर १७२१ हे परक्यांनी घातलेले साल आहे. ते आमच्या पूर्वजांनी घासून टाकले नाही. घंटा परक्याची होती हे दिसण्यातच विजयाची साक्ष होती. पूर्वजांस जे कळले ते आम्हांस कळू नये काय?

आता मुख्य मुद्दा. जुने राखावे कसे, हा प्रश्न ज्या देशापुढे शेकडो वर्षे उभा आहे, त्या इटलीकडे क्षणभर पाहू. रोमकरांनी प्रथम आपल्याच वैभवाची लूट केली. १३४९ च्या भूकंपात कोलोसियम या प्रचंड रंगमंडलाची दक्षिणेकडील बाजू कोसळली, तेव्हा तिचे दगड शहरातील नव्या इमारतींस लागले. जुना संगमरवर तर भट्ट्यांत जाळून लोकांनी त्याचा चुना केला. पडक्या गढीचे दगड घराच्या जोत्यास नेणारे आपले गावकरी याहून निराळे नव्हेत. पण एकोणिसाव्या शतकारंभी तेच रोमकर शहाणे झाले. टायटस बादशहाची कमान खिळखिळी झाली होती. १८२० च्या सुमारास वालादिये नामक स्थापत्यकाराने ती पुन्हा उभी केली. मूळ कमान संगमरवरी. नाहीसा झालेला भाग त्याने मुद्दाम निराळ्या दगडात, नक्षीवाचून बसविला. दुरून पाहावे तो कमान अखंड दिसते. जवळ जावे तो जुने किती व नवे किती हे पोरासही कळते. १९६४ साली व्हेनिस येथे अनेक देशांच्या तज्ज्ञांनी जी सनद केली, तिचेही सार हेच की, नवे काम ओळखू यावे, आणि जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा. खुद्द व्हेनिसचा प्रसिद्ध घंटामनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला व होता तसाच पुन्हा बांधून १९१२ साली खुला झाला. परंतु तो नवा आहे ही गोष्ट कोणी लपवीत नाही.

आमचा पेशा वकिलीचा. कोर्टात जीर्ण, फाटका दस्तऐवजही पुराव्यात येतो. पण त्यात मागाहून कोणी सुबक अक्षरांत मजकूर घातला, तर संशय सगळ्या कागदावर येतो. किल्ल्याचे तसेच आहे. जेथे बुरुजाचा माथा कसा होता हे ठाऊक नाही, तेथे चित्रपटातल्यासारखा नवा माथा चढविणे म्हणजे दस्तऐवजात खाडाखोड करणे होय.

दुसरी गोष्ट चुन्याची. जुना तट चुन्यात बांधलेला. चुना ओल शोषतो व बाहेर सोडतो. त्याच्या सांध्यांत सिमेंट भरले की कोंडलेली ओल दगडातून वाट काढते, खाडीच्या हवेतील क्षार आत साचतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. वरून भिंत नवी दिसते, आतून ती पोखरली जाते. रोगाहून औषध भयंकर म्हणतात ते हेच! तटात रुजलेला पिंपळही ओढून काढू नये, कारण त्याच्या मुळांबरोबर दगड निघतात. बुंधा कापून मुळे मारावी व मग भेगा चुन्याने भराव्या.

आपल्या समृद्ध वारशाची कदर करून तो जतन करणे हे राज्यघटनेच्या ५१-अ कलमाने, १९७६ च्या दुरुस्तीपासून, प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले आहे. तेव्हा नुसती पालिकेकडे बोटे दाखवून आमची सुटका नाही. आमची मागणी तीन गोष्टींची आहे : कामापूर्वीची छायाचित्रे व नकाशे लोकांसमोर ठेवावे, चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांकडूनच सांधे भरावे, आणि नवे काम कोठे व कोणत्या साली झाले हे जागेवरच लिहून ठेवावे. असे काम सावकाश होते व खर्चही अधिक पडतो, हे आम्ही जाणतो. परंतु जुनी रोजकीर्द जीर्ण झाली म्हणून मनाने आकडे घालून नवी लिहिणाऱ्या मुनिमास आपल्यापैकी कोणता पेढीवाला घटकाभर तरी ठेवून घेईल? जो नियम आपण आपल्या वह्यांस लावतो, तोच आपल्या गावच्या तटास लावा, एवढेच आमचे सांगणे आहे.