महागडा सिगार लायटर : किंमत ज्योतीची की डबीची?

बीड (आमच्या प्रतिनिधीकडून) – काडेपेटी दोन रुपयांना मिळते. पानटपरीवरचा प्लॅस्टिकचा लायटर दहा-वीस रुपयांना मिळतो. नामांकित अमेरिकन बनावटीचा पेट्रोल लायटर घ्यायचा तर तीन-चार हजार रुपये मोजावे लागतात आणि फ्रेंच बनावटीच्या सिगार लायटरची किंमत लाखाच्या घरात जाते. चौघांचेही काम एकच, विस्तव पेटविणे. मग या प्रचंड तफावतीचे समर्थन होऊ शकते काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात उद्भवणे स्वाभाविक आहे.

बीड जिल्ह्यात सिगार ओढणारे शोधूनच काढावे लागतील. येथे चालते ती विडी, तंबाखूची चंची आणि जुन्या पिढीतील एखाद्याची चिलीम. तरीही परदेशातून परतलेल्या आप्ताने दिलेली भेट म्हणून किंवा घरबसल्या खरेदीच्या सोयीमुळे महागडे लायटर आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचू लागले आहेत. शिवाय हौस आणि गरज यांतील फरक जेथे रोज जाणवतो, अशा जिल्ह्यात हा हिशेब मांडणे अधिक उद्बोधक ठरते.

चकमकीपासून लायटरपर्यंत

लायटर ही वस्तू विलायती असली तरी तिच्यामागचे तत्त्व मराठवाड्याला नवे नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांमध्ये गारगोटी सापडते. ही गारगोटी, पोलादाचा लहानसा तुकडा आणि चटकन पेट घेणारा कापूस एवढे साहित्य धनगर, गुराखी आणि गाडीवान पूर्वी कमरेच्या पिशवीत बाळगीत. गारगोटीवर पोलाद घासले की पोलादाचे सूक्ष्म कण सुटतात, हवेशी संयोग पावून तापतात आणि ठिणगीच्या रूपाने कापसावर पडतात. हीच चकमक.

आधुनिक लायटरमध्ये या रचनेची अदलाबदल झाली. त्यात ज्याला आपण 'दगड' म्हणतो तो दगड नसून सेरियम गटातील धातू आणि लोखंड यांचा मिश्रधातू असतो. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. येथे पोलादी चाक टणक असते आणि ठिणगी 'दगडा'च्या कणांची पडते. दहा रुपयांच्या लायटरमध्ये हेच तत्त्व असते आणि लाखाच्या लायटरमध्येही हेच. काही लायटरमध्ये चाकाऐवजी बटण असते. त्यात विशिष्ट स्फटिकावर आघात करून वीज निर्माण केली जाते. दाबामुळे स्फटिकात वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले होते. स्वयंपाकघरातील गॅस पेटविण्याचे लायटरही बहुधा याच तत्त्वावर चालते. तात्पर्य, ठिणगी पाडण्याच्या शास्त्रात श्रीमंत आणि गरीब असा भेद नाही.

सिगारसाठी वेगळी ज्योत का?

सिगारचे शौकीन वेगळ्या लायटरचा आग्रह धरतात, त्यामागे काही सयुक्तिक कारणे आहेत. सिगारेटचा व्यास साधारण आठ मिलिमीटर असतो, तर जाड सिगारचा वीस मिलिमीटरपर्यंत जातो. एवढे तोंड सर्व बाजूंनी सारखे पेटले नाही, तर सिगार एका अंगाने जळत जाते. म्हणून ज्योत काही सेकंद स्थिर राहावी लागते. दुसरे कारण वासाचे. पेट्रोलवर चालणाऱ्या लायटरचा दर्प तंबाखूच्या पानात उतरतो, अशी जाणकारांची तक्रार असते. ब्युटेन वायूची ज्योत त्या मानाने गंधहीन असते. त्यामुळे सिगारचे लायटर बहुतांशी ब्युटेनचे असतात आणि त्यांपैकी अनेकांत जोराचा निळा झोत देणारी रचना असते.

मात्र याच शौकिनांच्या परंपरेत लांब लाकडी काडीलाही मान आहे. काडीच्या टोकाचे रसायन जळून जाऊ द्यावे आणि मग उरलेल्या लाकडाच्या ज्योतीवर सिगार शेकावी, ही जुनी रीत. म्हणजे ज्या कामासाठी हजारो रुपये मोजले जातात, ते काम थोडा धीर धरला तर काडीनेही साधते. उलट निळ्या झोताचे लायटर सिगारच्या फार जवळ धरले तर पान करपते.

पैसे नेमके कशाचे?

पेन्सिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड येथे जॉर्ज ब्लेसडेल यांनी १९३२ मध्ये 'झिप्पो' कंपनी स्थापन केली. वातीभोवती छिद्रांची धातूची चिमणी बसविल्याने हे लायटर वाऱ्यात तग धरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कंपनीने आपले उत्पादन अमेरिकी सैन्यासाठी राखून ठेवले होते. बिघडल्यास विनामूल्य दुरुस्त करून देण्याची आजीवन हमी हे तिचे मोठे भांडवल. ग्राहक येथे टिकाऊपणाचे पैसे देतो.

फ्रान्समधील 'एस. टी. ड्यूपाँ'ची गोष्ट निराळी. १८७२ मध्ये चामड्याच्या वस्तूंपासून सुरू झालेली ही कंपनी १९४१ मध्ये लायटरकडे वळली. त्यास पतियाळाच्या महाराजांची मागणी निमित्त ठरली, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. या लायटरवर लाखेचे थर चढविलेले असतात, मौल्यवान धातूंचा मुलामा असतो. काही नमुन्यांचे झाकण उघडताना होणारा घंटेसारखा नाद तर जगभर ओळखला जातो. ग्राहक येथे कारागिरीचे आणि प्रतिष्ठेचे पैसे देतो. हे लायटर म्हणजे एक अलंकारच आहे. अलंकाराला उपयुक्ततेच्या तराजूत तोलणे योग्य नव्हे, परंतु सोन्याशी त्याची तुलना करणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सोन्याचा तुकडा बीडच्या सराफ बाजारात केव्हाही मोडता येतो. हे लायटर कोण घेणार?

हिशेब काय सांगतो?

दिवसातून दहा वेळा विस्तव पेटविणाऱ्या व्यक्तीचे उदाहरण घेऊ. वर्षाला ३,६५० वेळा. एका पेटीत ४० काड्या धरल्या तर ९२ पेट्या लागतील, म्हणजे खर्च १८४ रुपये. वाऱ्याने काड्या वाया जातात, म्हणून दीडपट काड्या लागतात असे मानले तरी खर्च २७५ रुपयांच्या आसपास राहतो.

प्लॅस्टिकचे एक लायटर २० काडेपेट्यांची जागा घेते, असे तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी २०२२ मध्ये केंद्र सरकारला लिहिलेल्या पत्रात म्हटले होते. तो आकडा प्रमाण मानल्यास वर्षाला पाच लायटर पुरतात आणि खर्च ५० ते १०० रुपये येतो.

आता साडेतीन हजारांचे पेट्रोल लायटर पाहू. ते वीस वर्षे टिकले, असे उदारपणे धरले तरी मूळ किमतीचाच वाटा वर्षाला १७५ रुपये होतो. त्यातील इंधन वापर नसतानाही उडून जाते, त्यामुळे साधारण दर आठवड्याला ते भरावे लागते. इंधनाची बाटली काहीशे रुपयांना पडते आणि वर्षाला अशा दोनएक बाटल्या सहज संपतात. म्हणजे केवळ इंधनाचा खर्च काडेपेट्यांच्या वर्षभराच्या खर्चाहून अधिक! लाखाच्या लायटरचा तर हिशेब मांडण्याचेही कारण नाही. महाग लायटर दीर्घकाळात स्वस्त पडते, हा विक्रेत्यांचा युक्तिवाद आकड्यांपुढे टिकत नाही.

वारा, दव आणि कोपी

तथापि पैशांच्या हिशेबात न मावणारी एक बाजू आहे आणि ती बीड जिल्ह्याला विशेष परिचयाची आहे. बालाघाटाच्या पठारावर ज्या वाऱ्यावर पवनचक्क्या फिरतात, तोच वारा उघड्यावर काडी पेटू देत नाही. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. थंडीच्या दिवसांत पहाट होण्यापूर्वीच फडाकडे निघायचे असते. त्याआधी कोपीपुढच्या चुलीवर भाकरी थापायच्या असतात. दवाने काडेपेटी सर्द झालेली असते आणि काडी ओढता ओढता तिचे गूल गळून पडते. अशा वेळी हुकमी पेटणारे साधन ही हौस राहत नाही. तेथे लायटरची खरी किंमत कळते.

परंतु मजुराच्या हाती पडते ते स्वस्तातले स्वस्त लायटर. पाचट आणि ताडपत्रीच्या कोपीत, लहान मुलांच्या हाती लागेल अशा ठिकाणी ते ठेवलेले असते. ब्युटेन हा सामान्य तापमानाला केवळ दाबाखाली द्रवरूप राहणारा वायू. तापमान २० अंशांवरून ५० अंशांवर गेले, तर लायटरमधील दाब दुपटीहून अधिक होतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली एवढी उष्णता सहज निर्माण होते. पातळ भिंतीचे, सदोष झडपेचे लायटर अशा वेळी गळू शकते किंवा फुटू शकते.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार लायटरने ६५ अंश तापमानात चार तास टिकले पाहिजे आणि दीड मीटर उंचीवरून पडल्यावरही ते सुरक्षित राहिले पाहिजे. भारतात ज्योत देणाऱ्या लायटरसाठी २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढण्यात आला आणि आयएसआय चिन्हाची अट घालण्यात आली. म्हणून दहा रुपयांचे लायटर घेतानाही हे चिन्ह पाहून घेणे अगत्याचे आहे. चांगल्या लायटरसाठी पाच-दहा रुपये जास्त देण्यात शहाणपण आहे, ते येथे. सुरक्षिततेसाठी लागणारा पैसा एवढाच असतो. त्यापुढची रक्कम शोभेची.

काडेपेटीचा प्रश्न

या विषयाला रोजगाराचीही बाजू आहे. काडेपेटी उद्योग आज प्रामुख्याने तमिळनाडूतील शिवकाशी, सात्तूर, कोविलपट्टी या पट्ट्यात एकवटलेला असून त्यात स्त्री कामगारांची संख्या मोठी आहे. महाराष्ट्रात अंबरनाथ येथील 'विमको'चा कारखाना एकेकाळी या धंद्यात अग्रेसर होता. डिसेंबर २०२१ मध्ये काडेपेटीची किंमत एक रुपयावरून दोन रुपये झाली. त्यापूर्वीची वाढ २००७ मधील होती. चौदा वर्षे एकाच किमतीला विकली गेलेली दुसरी वस्तू सहसा सापडणार नाही.

आयात होणाऱ्या स्वस्त लायटरमुळे हा उद्योग अडचणीत आल्याची तक्रार झाल्यावर केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये २० रुपयांपेक्षा कमी आयातमूल्याच्या खिशातील लायटरच्या आयातीस मनाई केली. २०२४ मध्ये त्यांच्या सुट्या भागांच्या आयातीवरही निर्बंध आले. महागड्या लायटरला या किंमतमर्यादेची झळ पोहोचली नाही. बंदीचा परिणाम झाला तो टपरीवरच्या ग्राहकावर.

घ्यायचेच असेल तर

इतके असूनही कोणास महाग लायटर घ्यावयाचे असेल तर त्याने चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, ठिणगी कशाने पडते? चाकाचे लायटर असेल तर झिजलेला 'दगड' काही रुपयांत बदलता येतो. बटणाचे लायटर बिघडले तर आतील संचच बदलावा लागतो. दुसरी, गॅस कोणता लागतो? निळ्या झोताच्या लायटरचे छिद्र अतिसूक्ष्म असते आणि अशुद्ध गॅसने ते बुजते. शुद्ध ब्युटेनचा डबा आपल्या गावात मिळत नसेल, तर ते लायटर लवकरच कपाटात जाऊन पडणार. तिसरी, दुरुस्ती कोठे होते? पूर्वी बाजारातील घड्याळजी किंवा रस्त्याकडेचा कारागीर गॅस भरून देई, 'दगड' बदलून देई. आजीवन हमी कितीही आकर्षक असली, तरी त्यासाठी लायटर दूर पाठवावे लागते आणि तेही इंधन पूर्ण काढून. चौथी, ते कोठे न्यायचे आहे? गॅसचे डबे आणि इंधनाच्या बाटल्या विमानात नेता येत नाहीत. लायटर नेण्यावरही आपल्याकडे निर्बंध आहेत.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास देशभरात २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, हेही विसरता कामा नये. सिगारचा धूर छातीत ओढला जात नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका तिच्यातही आहेच. लायटरच्या किमतीची चर्चा करताना या खर्चाकडे सोयीस्कर दुर्लक्ष होते.

सारांश, महागड्या लायटरची ज्योत काडीच्या ज्योतीहून श्रेष्ठ नसते. वीस-तीस रुपयांपर्यंतचा पैसा सुरक्षित झडपेसाठी आणि हुकमी ठिणगीसाठी दिला जातो, तो सार्थकी लागतो. तीन-चार हजारांपर्यंतचा पैसा वाऱ्यात टिकणाऱ्या, दुरुस्त होऊ शकणाऱ्या वस्तूसाठी असतो. ती नियमित वापरली आणि निगा राखली तरच तो पटतो, मात्र बचत म्हणून नव्हे. त्यापलीकडचा सगळा पैसा डबीच्या शोभेचा. ज्याला परवडते त्याने तो खुशाल मोजावा. परंतु उसाच्या फडाकडे निघालेल्या कोयत्याच्या सामानात सर्द न होणारी काडी आणि न गळणारे लायटर कसे पोहोचेल, हा प्रश्न या जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक निकडीचा आहे.