वाडीतली वाघळं आणि रेडिओची ऊब

डहाणू-तलासरीत मोबाइलच्या टॉवरबद्दल दोन तक्रारी कानावर येतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. तलासरीच्या आतल्या पाड्यांवर म्हणतात, टॉवर नाही, फोन लावायचा तर टेकडीवर जावं लागतं. घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांत म्हणतात, टॉवर फार झाले, त्यांच्या उष्णतेने पाखरं गेली, वाघळंसुद्धा गेली. (चिकू पिकायला लागला की हीच मंडळी त्याच वाघळांच्या नावाने बोटं मोडतात, ते सोडा.) माझं सगळं कुतूहल त्या उष्णतेपाशी अडकलेलं आहे. मला लहानपणापासून दोनच वेडं. एक रेडिओचं, दुसरं वटवाघळांचं. ती एका लेखात एकत्र येतील असं वाटलं नव्हतं.

रेडिओलहरींनी जिवंत अंग तापतं, यात शंका नाही. खांदा आखडला म्हणून फिजिओथेरपीला गेलेल्या कोणालाही विचारा. तिथे मिळणारा शॉर्टवेव्हचा शेक म्हणजे 27.12 मेगाहर्ट्झची रेडिओलहरच, लांबीला सुमारे 11 मीटर. गरम पाण्याची पिशवी आधी कातडी तापवते, ही लहर आत स्नायूपर्यंत जाते. पॅरिसच्या द'आर्सोन्व्हालने उच्च वारंवारतेचे प्रवाह शरीरातून नेण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच केले होते. पण गोष्ट खरी रंगली ती 1920च्या दशकात, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत. शक्तिशाली शॉर्टवेव्ह प्रक्षेपकाजवळ काम करणाऱ्यांना ताप येऊ लागला. प्रयोगशाळेचे प्रमुख विलिस व्हिटनी घाबरले नाहीत, त्यांनी मुद्दाम ताप आणणारं यंत्रच बनवून घेतलं. तो काळच तसा होता. मलेरियाचा ताप चढवून मेंदूत उतरलेला उपदंश बरा करणाऱ्या वाग्नर-याउरेगला 1927 सालचं नोबेल मिळालं होतं. डास नको, मलेरिया नको, नुसतं बटण दाबा आणि ताप आणा, असा हा विचार. पेनिसिलिन आल्यावर तो मागे पडला.

तापण्याचं कारण तसं साधं आहे. पाण्याचे रेणू आणि क्षार लहरीबरोबर हलायला बघतात, आजूबाजूच्यांना घासतात, त्यातून उष्णता निघते. सगळी गंमत आहे ती आकाराची. युटा विद्यापीठातले ओम गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात दाखवून दिलं, की अंगाची लांबी लहरीच्या लांबीच्या चार-दशांशाच्या आसपास असली आणि अंग लहरीच्या विद्युतक्षेत्राला समांतर असलं, तर ते सर्वांत जास्त ऊर्जा शोषतं. उभ्या माणसासाठी हा आकडा सुमारे 70 मेगाहर्ट्झ निघतो, म्हणजे एफएमच्या पट्ट्याच्या थोडा खाली. मोठ्या उंदरासाठी तो 600च्या घरात जातो, पिटुकल्या उंदरासाठी 2000च्या पलीकडे. म्हणून उंदीर तापला की माणूसही तितकाच तापेल, हे गणित चुकतं. गाईचं वेगळं, कोंबडीचं वेगळं, मधमाशीचं त्याहून वेगळं.

आता माझ्या आवडत्या माकडांकडे येतो. एलिनॉर अडेर नावाच्या संशोधिकेने येल विद्यापीठाशी जोडलेल्या पिअर्स प्रयोगशाळेत छोट्या खारमाकडांना दोरी ओढायला शिकवलं. दोरी ओढली की पेटीत येणारी हवा गार किंवा गरम व्हायची. मग तिने 2450 मेगाहर्ट्झची लहर सोडली. घरच्या मायक्रोवेव्ह भट्टीचीच ही वारंवारता, फक्त जोर बेताचा. चौरस सेंटिमीटरला 6 ते 8 मिलिवॅटला पोचताच माकडं गार हवा मागायला लागली. त्यांच्या अंगाचं तापमान मात्र जिथल्या तिथे राहिलं! 1980च्या सुमाराचं हे काम वाचून मी खुर्चीवरून उठून फेऱ्या मारल्या होत्या. थर्मामीटर म्हणतो काही झालं नाही आणि माकड तर दोरी ओढतंय. उष्ण रक्ताचं जनावर आपलं तापमान जिवापाड सांभाळतं. पारा चढला नाही, म्हणून अंगाला काही कळलंच नाही असं मानणं हा आळशीपणा आहे. रॉचेस्टरच्या संशोधकांनी 1979 मध्ये थंडीत ठेवलेल्या उंदरांबाबत हेच पाहिलं. मायक्रोवेव्ह चालू असताना ते उंदीर ऊब देणारा दिवा स्वतःहून कमी वेळा लावत.

याची पुढची पायरी म्हणजे फ्रान्समधल्या आमियाँ शहरातला प्रयोग, 2013 सालचा. उंदरांच्या पिल्लांना 900 मेगाहर्ट्झच्या अतिशय क्षीण क्षेत्रात, मीटरला 1 व्होल्ट, पाच आठवडे ठेवलं. ती तापली नाहीत, उलट त्यांची शेपटी गार पडली आणि झोपायला ती जास्त उबदार जागा निवडू लागली. निष्कर्ष चक्रावणारा आहे, पण एका प्रयोगशाळेच्या जोरावर मी त्याला डोक्यावर घेणार नाही.

आणि आता वाघळं. वाघळाचा पंख म्हणजे बोटांमध्ये ताणलेली पातळ, काळपट, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी. आमच्याकडच्या मोठ्या वाघळाचा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतचा विस्तार मीटरभराहून जास्त असतो. उन्हाळ्यात भर दुपारी त्यांच्या झाडाखाली जाऊन उभे राहा. वर शंभर हातपंखे चालू असल्यासारखी ती पंख हलवत असतात, मधेच अंग चाटून ओलं करतात. या गार राहण्याच्या धडपडीची सीमाही ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियात जानेवारी 2002 मध्ये पारा 42 अंशांवर गेला, तेव्हा एका दिवसात साडेतीन हजारांहून जास्त फळवाघळं मेली. म्हणजे या प्राण्याला उष्णतेची भीती खरी आहे.

स्कॉटलंडच्या अबर्डीन विद्यापीठातले बॅरी निकल्स आणि पॉल रेसी यांनी 2007 मध्ये रडारकेंद्रांभोवती वाघळं मोजली. मीटरला 2 व्होल्टहून जास्त क्षेत्र असलेल्या जागी त्यांचा वावर स्पष्ट कमी होता. 2009 मध्ये त्यांनी छोटं रडार स्वतः नेऊन लावलं. ते चालू केल्यावर वाघळं कमी झाली, किडे मात्र कमी झाले नाहीत. म्हणजे भक्ष्य पळालं म्हणून वाघळं गेली, असं म्हणता येत नाही. मग कारण काय? त्यांनी एक शक्यता मांडली ती पंखांच्या तापण्याची.

इथे मी कागद-पेन्सिल घेतली. मीटरला 2 व्होल्ट म्हणजे चौरस मीटरला एक शतांश वॅट. डहाणूच्या किनाऱ्यावर दुपारचं ऊन चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ओततं. रडारचे ठोके क्षणभर कितीतरी जोरदार असतात हे खरं, पण पंख तापवायला सरासरी लागते आणि ती इथे नगण्य आहे. मला पटते ती त्यांचीच दुसरी शक्यता, कानाची. लहरींचे तीव्र ठोके कवटीत ऐकू येतात हे ॲलन फ्रे याने 1960च्या दशकाच्या आरंभीच माणसांवर दाखवलं होतं. ऊतक अंशाच्या लाखाव्या भागाहूनही कमी तापून फुगतं आणि त्यातून टक्‌ असा आवाज होतो. कानाच्या भरवशावर उडणाऱ्या जीवाला तो पुरेसा त्रास आहे. म्हणजे तापमान कारणीभूत असेलही, पण थर्मामीटरला कधीच दिसणार नाही इतकं.

नियमांचं थोडक्यात सांगतो. प्राण्यांचं वर्तन बिघडवणारा ऊर्जेचा शोषणदर अंगाच्या दर किलोला सुमारे 4 वॅट धरतात, शरीराचं तापमान साधारण एक अंशाने वाढवणारा. सामान्य माणसाची मर्यादा त्याच्या पन्नासाव्या भागावर ठेवली आहे. भारताने सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या लहरींची आंतरराष्ट्रीय मर्यादा आणखी दहापट खाली आणली. टॉवरचा पक्षी आणि मधमाश्यांवर काय परिणाम होतो हे बघायला केंद्रीय पर्यावरण खात्याने 2010 मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी होते. समितीने 919 शोधनिबंध चाळले. ते काम चांगलं, पण आपल्याकडे आणखी हवी आहे ती रानातली मोजणी.

घोलवडच्या एका वाडीवाल्या काकांना मी स्कॉटलंडची हकीकत सांगितली. त्यांचे डोळेच चमकले. "मग रडार बसवू ना वाडीत! फळांवरच्या जाळ्यांचा खर्च वाचेल." इथल्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा फळाची काळजी समजू शकते. वन्यजीव कायद्यात फळवाघळं पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, 2022च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. मी म्हटलं, काका, परवाना कोण देणार? आणि दुसरं, स्कॉटलंडची वाघळं किडे खाणारी, अंधारात प्रतिध्वनीवर उडणारी. तुमचे चिकू खाणारं मोठं वाघूळ डोळ्यांनी बघतं आणि नाकाने हुंगतं. प्रतिध्वनी त्याला लागतच नाही. आपल्याकडच्या फळवाघळांत रूसेटस तेवढं जीभ टकटकवून अंदाज घेतं, बाकीची नाहीत. त्यांच्या कानात रडार टकटकलं तरी ती फळ सोडतील याची खात्री कोण देणार?

काकांनी दोन मिनिटं विचार केला आणि सुनेला हाक मारून जाळ्यांच्या दुकानाचा नंबर शोधायला सांगितलं.