तिसऱ्या रांगेवरचा हत्ती

घरातील ज्येष्ठ मंडळी बुद्धिबळाच्या स्पर्धेला निघाली, की आपण सहज म्हणतो, ‘बसूनच तर खेळायचे आहे!’ वाचकहो, नुकताच पाहिलेला एक हौशी डाव आपल्याला सांगावासा वाटतो.

पांढऱ्या मोहऱ्यांमागे १४ वर्षांची मुलगी होती, काळ्यांमागे ७२ वर्षांचे निवृत्त शिक्षक. प्रत्येकाला ९० मिनिटे आणि दर चालीला ३० सेकंदांची भर. या हिशेबाने ६० चालींचा डाव चार तासांपर्यंत लांबू शकतो.

तिसरा तास सरत आला तेव्हा दोघांकडे राजा आणि एकेक हत्ती उरला होता. मुलीकडे एक प्यादे अधिक. गुरुजींना अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिडोर याचा बचाव ठाऊक होता. राजाने प्याद्याची वाट अडवायची, हत्तीने आपल्या बाजूने तिसरी रांग रोखून धरायची आणि प्यादे त्या रांगेवर आले, की दूर जाऊन मागून शह देत राहायचे. पण त्यांचा हात थरथरू लागला, कपाळावर घाम आला. मधुमेहाची गोळी घेतली होती. न्याहारी मात्र घाईत राहून गेली होती. स्पर्धेत हात लागलेले मोहरे खेळावेच लागते. त्यांनी हात आवरला, पंचांना खूण केली आणि त्यांच्या परवानगीने ग्लुकोजचे पाणी घेतले. घड्याळात २१ मिनिटे होती. त्यांतली १५ त्यांनी नुसती बसून घालवली. माझ्या मते डावातील सर्वोत्तम चाल हीच. तेवढ्या वेळात बरे वाटले नसते, तर पुन्हा साखर घेऊन डाव सोडणेच योग्य होते.

आपल्या घरी कोणी स्पर्धेला जाणार असेल, तर गोळी आणि जेवण यांची वेळ डॉक्टरांना आधी विचारून ठेवावी. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी टाळू देऊ नये. आपली चाल झाली, की उठता येते. आणि औषधाची आठवण द्यायला फोन करू नये! अंगावर फोन सापडला, तर डाव गमावण्याची पाळी येऊ शकते. निरोप पंचांकडे आधीच द्यावा.

प्यादे पुढे सरकले. गुरुजींचा हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि शहामागून शह सुरू झाले. बरोबरी झाल्यावर मुलीने विचारले, “आजोबा, हत्ती इतका लांब का नेलात?”

“तुझे प्यादे पुढे आले ना,” पोह्यांची बशी जवळ ओढत ते म्हणाले, “आता तुझ्या राजाला आडोसाच उरला नाही.”